जुन्या फोटोंची उलटतपासणी

गल्लीच्या तोंडाशी एक फ्लेक्स लागतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, चेहऱ्यावर रुंद हसू. वर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल मुंडक्यांची रांग. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, यंदा नगरसेवकपदाची तयारी दिसते. पुढे कधीतरी त्याच खांबांना त्याच माणसाचा तोच फोटो पुन्हा बांधला जातो. घाईगर्दीत दुसरा शोधायला वेळ कुणाला असतो! रंग तेवढे उतरवलेले असतात आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आता तेच लोक थबकतात. काय मोकळं हसायचा, म्हणतात. डोळ्यांतच दिसायचं हो माणूसपण, म्हणतात.

चेहऱ्यावरची एक रेषाही हललेली नाही. तरी एकदा त्या हसण्यात मतांची बेरीज दिसली आणि एकदा निर्मळ जीव दिसला. ही बेरीज आणि तो जीव फोटोत होते कुठे?

गेल्या पन्नासेक वर्षांत जगभरच्या काही कलावंतांनी हाच प्रश्न सरकारी दप्तरांतल्या, संग्रहालयांतल्या आणि घरच्या पेट्यांतल्या जुन्या फोटोंना विचारला. ते नवा फोटो काढायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. जुना उचलतात आणि त्यातली एखादीच गोष्ट बदलतात. कधी खालची ओळ, कधी शेजारचा फोटो, कधी चेहरा, कधी रंग. मग आपण त्या फोटोकडे बघून जे ‘उघडच दिसतंय’ म्हणत होतो, ते डळमळायला लागतं. हे नेमकं कसं घडतं, ते जरा उलगडून पाहू.

शेजारी कोण, यावर बरंच अवलंबून

पहिला धडा सिनेमाकडून आला. साधारण १९२० च्या आसपास लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने मोझ्झुखिन नावाच्या नटाचा एक निर्विकार चेहरा घेतला आणि तो वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. दिग्दर्शक पुदोव्किनने पुढे सांगितलेल्या हकिगतीत ती दृश्यं तीन होती : सूपचं भांडं, शवपेटीतली बाई आणि खेळण्याशी खेळणारी छोटी मुलगी. प्रेक्षकांनी नटाची तारीफ केली. भूक, दुःख, वात्सल्य काय सुरेख दाखवलंय! नटाने यातलं काहीही दाखवलं नव्हतं. मूळ तुकडा आज उपलब्ध नाही, पण या हकिगतीतलं मर्म चित्रपटाच्या संकलनाचा पाया होऊन बसलं.

एकट्या फोटोलाही हे लागू पडतं, हे लॅरी सुल्तान आणि माइक मँडेल या कॅलिफोर्नियातल्या दोन तरुणांनी १९७७ साली दाखवलं. त्यांनी शंभराहून अधिक अमेरिकी सरकारी खाती, कंपन्या आणि संशोधनसंस्थांच्या फायली चाळल्या. तिथले फोटो कामकाजासाठी काढलेले होते. कुठल्या चाचणीत काय झालं, कुठलं यंत्र कसं बसवलं, याची नोंद एवढाच त्यांचा हेतू. या दोघांनी त्यांतले ५९ निवडले, खालची माहिती पूर्ण काढून टाकली आणि पुस्तक केलं. नाव ठेवलं ‘एव्हिडन्स’, म्हणजे पुरावा. त्यात एका फोटोत अंतराळवीराच्या पोशाखातला माणूस कार्यालयातल्या गालिच्यावर पालथा पडला आहे. कशाचा पुरावा हा? फायलीत असताना तिथल्या इंजिनियरला या फोटोत काहीच गूढ वाटलं नसणार. ओळ गेल्यावर मात्र तोच फोटो वेडसर, विनोदी, थोडा भीतिदायक दिसू लागतो. त्या दोघांनी कुठल्याही फोटोला ब्रश लावला नाही, फक्त त्याचा संदर्भ तोडला. आणि कॅमेऱ्याने टिपलं म्हणजे सिद्ध झालं, या आपल्या ठाम समजुतीला पहिला सुरुंग तिथे लागला.

दप्तरखान्याचं स्वयंपाकघर

दप्तरखाना, अभिलेखागार किंवा अर्काइव्ह म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथे जुन्या वस्तू निमूट पडून आहेत. मला ते एखाद्या मोठ्या स्वयंपाकघरासारखं वाटतं. फडताळात एकसारखे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. घरात नव्याने आलेली सून डबा उघडून चाखत बसत नाही, चिठ्ठी वाचते आणि चमचा भरते. ज्याने पहिल्यांदा चिठ्ठ्या चिकटवल्या त्याच्या डोक्यातली मांडणी पुढच्या पिढ्यांच्या हातात आपोआप उतरते. त्याने मिठाच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलं असेल, तर खीर बिघडल्यावरच कळतं.

आपल्याकडच्या अशा चिठ्ठ्यांचं एक जुनं उदाहरण मुंबईतलंच आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्याशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सनने पुढे मुंबईतल्या ‘वंश आणि जमातीं’चे दोन खंड काढले. १८६३ च्या पहिल्या खंडात गुजरात, कच्छ, काठियावाड आणि १८६६ च्या दुसऱ्यात महाराष्ट्र. एकेका पानावर एकेका जातीची चार-पाच माणसं, मागे घाट, देऊळ किंवा रस्ता आणि सोबत वर्णन. बघणाऱ्याला वाटावं, साहेब वाटेने चालला होता आणि ही मंडळी त्याला अशी भेटली. वास्तविक यातल्या अनेक फोटोंत माणसं वेगळी टिपली आहेत, पाठीमागचं दृश्य वेगळं आहे आणि छापताना दोन्ही एकत्र बसवलं आहे. नीट पाहिलं तर आकृत्यांच्या कडा आणि उजेडाची दिशा चुगली करतात. फोटोशॉपला नावं ठेवणाऱ्यांनी हे दोन खंड जरूर पाहावेत. दीडशे वर्षांपूर्वीचा ‘अस्सल’ दस्तऐवजही कातरून-चिकटवूनच तयार झाला होता.

तंत्राच्या मर्यादाही चिठ्ठीसारखं काम करतात. त्या काळी काचेवर ओला रासायनिक थर देऊन फोटो काढत. उजेड टिपायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ हललं की चेहरा पुसट होई. म्हणून लोक ताठ बसत, कधी मानेमागे लोखंडी आधार लावला जाई. ही ताठरता पुढे स्वभाव म्हणून वाचली गेली. आपल्या घरच्या जुन्या फोटोतल्या खापरपणज्या सगळ्या रागीट वाटतात, त्यातही कॅमेऱ्यासमोर अवघडून बसण्याचा वाटा मोठा आहे.

१८५७ नंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखण्याची घाई झाली. लॉर्ड कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांच्या खाजगी हौसेपासून सुरू झालेला फोटोसंग्रह सरकारी झाला आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आणि प्रत्येकाला वर्णन. अमुक जात विश्वासू, तमुक कपटी, ही लुटारू, ती आळशी. फोटोतला माणूस नुसता उभा आहे, कपटीपणा वर्णनात आहे. पण वर्णन वाचून पुन्हा वर पाहिलं की त्याच्या डोळ्यांत तो दिसतोच.

या पुस्तकाचा एक प्रसंग सर सय्यद अहमद खान यांनी १८६९ च्या लंडनमुक्कामातून लिहिलेल्या पत्रात आहे. इंडिया ऑफिसात त्यांचा मुलगा महमूद हे खंड चाळत होता. एका तरुण इंग्रजाने विचारलं, तू हिंदुस्थानी का? मुलगा ‘हो’ म्हणाला खरा, पण चेहरा लाल झाला आणि घाईने त्याने पुस्ती जोडली की आम्ही इथले मूळचे आदिवासी नव्हे, आमचे पूर्वज बाहेरून आले. पुस्तकाची ताकद इथे दिसते. बघणाऱ्या इंग्रजाची नजर त्याने घडवलीच, आणि ज्याच्याकडे बघितलं जात होतं त्यालाही त्याच चौकटीत राहून उत्तर द्यावं लागलं.

ही चिठ्ठी कागदावर राहिली असती तरी चाललं असतं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. आपल्याकडच्या पारध्यांसह कितीतरी समाजांना हजेरी आणि पहारा भोगावा लागला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ‘विमुक्त’ झाल्यावरही पोलिसांच्या नजरेतली चिठ्ठी सुटलेली नाही.

दोन इंची चौकोन आणि पुष्पमाला

फोटोला वैज्ञानिक दिसायला लावायचं असेल तर काय करावं? जॉन लॅम्प्रे याने १८६९ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. सात फूट उंच, तीन फूट रुंद लाकडी चौकट घ्यायची, दर दोन इंचांवर खिळे ठोकायचे आणि रेशमी धाग्यांनी आडव्या-उभ्या रेषा ताणायच्या. समोर माणसाला विवस्त्र उभं करून फोटो काढायचा. म्हणजे कुठल्याही देशातल्या माणसाची कुठल्याही देशातल्या माणसाशी चौकोन मोजून तुलना करता येईल. अंदमानात अधिकारी असलेल्या मॉरिस पोर्टमन याने १८९० च्या दशकात अंदमानी लोकांचे असेच चौकटीच्या पडद्यासमोरचे फोटो पद्धतशीर काढले.

असा पडदा पुढे एका कलावतीने स्वतःसाठीच पुन्हा उभारला. बंगळूरच्या पुष्पमाला एन. या मूळच्या शिल्पकार, बडोद्यात शिकलेल्या. त्यांनी आणि बंगळुरातच राहणाऱ्या छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांनी २००० ते २००४ या काळात एक मोठी मालिका केली. तिचं नावच जुन्या साहेबी ग्रंथांच्या थाटाचं आहे : ‘दक्षिण भारतातील देशी स्त्रिया, त्यांच्या रीतिभाती व चालीरीती’. पुष्पमालांनी दक्षिणेतल्या बाईच्या, लोकांच्या डोळ्यांत बसलेल्या दहा प्रतिमा निवडल्या. राजा रविवर्म्याची चांदण्यातली स्त्री, त्याचीच तळ्यावरून परतणारी आणि त्याचीच लक्ष्मी, दख्खनी लघुचित्रातली योगिनी, वेलंकणीची माउली, वर्तमानपत्रात छापून आलेल्या पकडलेल्या चोर बायका, आणि मानववंशशास्त्राच्या जुन्या फोटोवरून तोडा जमातीची स्त्री. प्रत्येक प्रतिमा स्टुडिओत पडदा रंगवून, कापड शिवून, दागिने जुळवून, उजेड बेतून पुन्हा उभी केली. आणि प्रत्येकीत स्वतः पुष्पमाला उभ्या राहिल्या.

हे नकलेचं काम चालतं कसं, ते टप्प्याटप्प्याने बघण्यासारखं आहे. लक्ष्मीचा फोटो समोर आला की आधी आपण ओळखतो. कमळ, चार हात, हत्ती. ही ओळख क्षणात होते, कारण हे चित्र आपल्या भिंतींवर वाढलेलं आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या तसबिरींनी मराठी घरांतल्या देवदेवतांना आजचे चेहरे दिले. तर ओळखीचं समाधान होतं न होतं तोच काहीतरी खटकतं. देवीचा चेहरा जिवंत बाईचा आहे. पडद्यावरचं तळं रंगवलेलं आहे, हे लपवलेलं नाही. मग आपण पुढच्या फोटोकडे जातो आणि तिथे तोच चेहरा, हातात पाटी घेतलेली आरोपी म्हणून. त्याच्या पुढे तोच चेहरा, चौकोनी पडद्यासमोर तोडा स्त्री म्हणून.

इथे जुन्या वर्गवारीचा कणाच मोडतो. ‘नमुना’ या कल्पनेला एक गोष्ट लागते : चेहरा आणि चिठ्ठी यांचं नातं पक्कं हवं. ही अशी दिसते, कारण ती अमुक आहे. पण एकच बाई लक्ष्मीही दिसते, चोरही दिसते आणि जमातीचा नमुनाही दिसते, तर मग दिसणं कशातून येतं? पाटीतून, पडद्यातून, उभं राहण्याच्या ढबीतून. म्हणजे मूळ फोटोतही ते तिथूनच आलं असणार. पुष्पमाला युक्तिवाद करत नाहीत, स्वतःचं अंग वापरून प्रयोग करतात. एक गोष्ट स्थिर ठेवून बाकी सगळं बदलत जायचं ही प्रयोगशाळेतलीच पद्धत आहे, आणि लॅम्प्रेच्या पडद्याला ती त्याच्याच भाषेत उत्तर देते.

या मालिकेचा मला सगळ्यांत आवडणारा भाग मात्र पूर्ण झालेल्या दहा चित्रांच्या बाहेर आहे. तयारीचे फोटोही त्यांनी कामाचा भाग म्हणून दाखवले. कोणीतरी पदर सारखा करतंय, कोणीतरी दिवा धरलाय, पडद्याची कड दिसतेय. जॉन्सनच्या खंडात नेमकी हीच कड छापताना बुजवलेली होती.

एक आक्षेप घ्यायला हवा आणि तो घेतलाही जातो. शिकलेली, शहरी, नावाजलेली कलावती तोडा बाईच्या जागी उभी राहते तेव्हा धोका तिला काय आहे? ती पडद्यासमोरून बाजूला होऊन घरी जाऊ शकते. मूळ बाईला ती मुभा होती का, हे फोटो सांगत नाही. मला वाटतं पुष्पमालांच्या नकलेत भरपूर विनोद आहे आणि हाच विनोद या एका चित्रापाशी थोडा अडखळतो.

चौकट : अर्थ कुठे कुठे शिरतो

फोटो काढण्याआधी : कोणाला बोलावलं, कसं उभं केलं, मागे कुठला पडदा लावला.
काढताना : चौकटीच्या आत काय आणि बाहेर काय, किती वेळ स्थिर राहायला लावलं.
छापताना : काय खोडलं, काय जोडलं.
ठेवताना : कुठल्या खात्यात, कुठल्या नावाखाली, कोणाच्या शेजारी.
बघताना : आपण आधी काय वाचलं, ऐकलं, मानलं.
या लेखातला प्रत्येक कलावंत यांतली एखादी जागा पकडतो आणि तिथेच बोट दाबतो.

लाल रंग आणि काचेवरची अक्षरं

१८५० साली अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, कोलंबिया गावी, जोसेफ झीली या छायाचित्रकाराने सात गुलाम माणसांचे फोटो काढले. काम हार्वर्डचे नामांकित निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांचं होतं. वेगवेगळे मानववंश वेगवेगळे निर्माण झाले, असं ते मानत आणि त्यांना पुरावा हवा होता. स्त्री-पुरुषांचे कपडे उतरवून समोरून, बाजूने फोटो घेतले गेले. रेंटी आणि डेलिया ही त्यांतल्या बापलेकीची नावं. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवरचे हे फोटो हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर पडून राहिले आणि १९७६ साली पुन्हा सापडले.

कॅरी मे वीम्स या कृष्णवर्णीय कलावतीने १९९५-९६ मध्ये त्यांतले चार फोटो घेतले. आणखी जुने-नवे फोटो मिळवले आणि तेहतीस चित्रांची मालिका केली. बहुतेक फोटो तिने रक्तासारख्या लाल रंगात छापले, भोवती गोल चौकट दिली आणि वरच्या काचेवर शब्द कोरले. अगासींच्या चार फोटोंवरचे शब्द फोटोतल्या माणसाला थेट ‘तू’ म्हणतात : तुझा शास्त्रासाठी, वंशाच्या वर्गवारीसाठी, वादविवादासाठी आणि शेवटी फोटोसाठी कसा वापर झाला ते सांगतात. पहिलं आणि शेवटचं चित्र तेवढं निळं आहे. त्यात आफ्रिकेतली एक स्त्री बाजूने दिसते, जणू तीच मधली रांग बघते आहे.

यातलं तंत्र साधं आहे. जुनी ओळ फोटोखाली असते आणि ‘तो’, ‘ती’, ‘हे लोक’ अशा भाषेत बोलते. वाचणारा आणि लिहिणारा एका बाजूला, फोटोतला माणूस दुसऱ्या बाजूला. वीम्स ओळ खालून उचलून अंगावर आणते आणि ‘तू’ म्हणते. आता बोलणारी फोटोतल्या माणसाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि आपण उपरे झालो. गोल चौकट कॅमेऱ्याच्या भिंगाची आठवण देते. म्हणजे आपण ज्या भोकातून बघतोय तेही दिसतं. अक्षरं काचेवर असल्यामुळे उजेड बदलला की त्यांची सावली चेहऱ्यावर सरकते.

हार्वर्डने परवानगीवरून वीम्सला कोर्टाची धमकी दिली. चला, कोर्टातच हा विषय निघू दे, अशी तिची तयारी होती. अखेर विद्यापीठाने खटला केला नाही, उलट तिचं कामच विकत घेतलं. पुढे २०१९ मध्ये रेंटीच्या वंशज असल्याचं सांगणाऱ्या एका महिलेने हार्वर्डवर दावा लावला. बळजबरीने काढलेला फोटो कोणाच्या मालकीचा, हा त्यातला प्रश्न. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मालकीचा मुद्दा फेटाळला, पण मनस्तापाबद्दलचा दावा चालू शकतो असं म्हटलं. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि हे फोटो हार्वर्डमधून दक्षिण कॅरोलायनातल्याच चार्ल्स्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे द्यायचं ठरलं.

पुसलेलं घड्याळ

एडवर्ड कर्टिस याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर १९०७ ते १९३० या काळात वीस खंड काढले. १९१० च्या एका फोटोत पीगन जमातीचे दोघे तंबूत बसले आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये त्यांच्या मधोमध गजराचं घड्याळ आहे. छापील फोटोत ते नाही, खोडलं आहे. लोप पावणारी, काळाबाहेरची जमात दाखवायची तर घड्याळ कसं चालेल?

ॲनू पलाकुन्नत मॅथ्यू या भारतात वाढलेल्या, अमेरिकेत शिकवत आलेल्या छायाचित्रकार. ‘इंडियन’ म्हटल्यावर तिथले लोक विचारत, कुठली? म्हणून त्यांनी कर्टिस आणि त्याच्या काळातल्या इतरांचे फोटो घेतले आणि शेजारी तशाच ढबीत, तशाच तपकिरी रंगात स्वतःचा फोटो ठेवला, पण पिसांच्या जागी कुंकू आणि घोंगडीच्या जागी साडी. शेजार बदलला की काय होतं, हे कुलेशोवने दाखवलंच होतं. इथे मॅथ्यूंच्या फोटोमुळे कर्टिसचा फोटोही बेतलेला दिसू लागतो.

थांबलेल्या फोटोत वेळ सोडणं

दिल्लीच्या रॅक्स मीडिया कलेक्टिव्ह या कलावंतांच्या गटाने २०११ मध्ये वेगळीच वाट धरली. कोलकात्यातल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या फोटोग्राफी विभागातला एक जुना फोटो आहे. मोठी खोली, ओळीने टेबलं, मान खाली घालून काम करणारे लोक. साम्राज्याचे नकाशे इथे तयार होत. रॅक्सने त्याचा निःशब्द व्हिडिओ केला. बघताना आधी काहीच घडत नाही. मग एका फळ्यावर नक्षत्रं उमटतात. दुपार हळूहळू निळीसारखी होत जाते. वेळ उलटी वाहते. कोणीतरी किंचित हलल्याचा भास होतो. कामाचं नाव आहे ‘रिश्टर मापकावर न नोंदलेली एक दुपार’.

मूळ फोटोचा दावा होता : बघा, कारकून कसे शिस्तीत काम करतात. फोटोने त्यांना कायमचं कामाला जुंपलं. पण त्या खोलीत कोणाला डुलकी येत असेल, कोणाला गावची आठवण, कोणाला कंटाळा. कॅमेऱ्याला हे दिसत नाही आणि सरकारी नोंदीला नको असतं. रॅक्स ते सिद्ध करत नाही, पण नोंदीबाहेर काय उरलं असेल याला जागा करून देतं.

याच गटाने दिग्दर्शिका झुलेखा चौधरी यांच्याबरोबर छायाचित्रकार फेलिचे बेआटोच्या लखनौमधल्या प्रसिद्ध फोटोवरही काम केलं. सिकंदरबागेत १८५७ च्या नोव्हेंबरात मोठी कत्तल झाली आणि बेआटो तिथे पोचला काही महिन्यांनी. फोटोत मात्र अंगणभर हाडं विखुरली आहेत. ती फोटोसाठी उघड्यावर आणली होती, अशी त्या वेळच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची साक्ष आहे. युद्धाचा हा सुरुवातीच्या काळातला ‘पुरावा’ असा मांडलेला होता.

घरगुती पेटीलाही हे सगळं लागू होतं. कलावंत विवान सुंदरम यांच्या आजोबांनी, म्हणजे उमरावसिंग शेरगिल यांनी, मुलींचे आणि स्वतःचे असंख्य फोटो काढले. त्यांची चित्रकार मुलगी अमृता शेरगिल १९४१ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. विवाननी २००१-०२ मध्ये हे फोटो संगणकावर जोडले. वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या वयांची अमृता आणि बाप एकाच खोलीत, आरशांतून एकमेकांकडे बघताना. मूळ अल्बमात सुखवस्तू कुटुंब आहे. जोडकामात बापलेकीतला ताण, स्पर्धा, लोभ असं काय काय वर येतं. खरं कुठलं? हे चित्र विवाननी रचलं आहे, हे बघणाऱ्याला पहिल्या क्षणी कळतं, म्हणून मला ते फसवं वाटत नाही.

हात दिसतो की लपतो

कारण जुन्या फोटोला हात लावणं म्हणजे आपोआप प्रश्न विचारणं नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये ‘व्हाइस’ या नियतकालिकाने कंबोडियातल्या एस-२१ तुरुंगातल्या कैद्यांचे रंगवलेले फोटो छापले. ख्मेर रूज राजवटीत तिथे हजारो माणसांना आणून, फोटो काढून, छळून मारण्यात आलं. हे फोटो आज तुओल स्लेंग संग्रहालयात आहेत. एका आयरिश कलाकाराने त्यांना रंग दिला. थोड्याच वेळात जुन्या फोटोंशी ताडून लोकांच्या लक्षात आलं की काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेलं हसू आणलं आहे. कंबोडिया सरकारने निषेध केला आणि नियतकालिकाने लेख मागे घेतला.

वीम्सनेही रंगच दिला होता. तिचा लाल रंग कोणाच्याही कातडीचा नाही, तो ओरडून सांगतो की मी नंतर आलोय. या दुसऱ्या रंगाला वाटतं आपण पहिल्यापासून इथेच होतो. रंगवलेला फोटो जितका नैसर्गिक दिसेल तितका बघणारा प्रश्न कमी विचारतो. जॉन्सनच्या घाट-देवळांच्या पडद्यांनी हेच काम केलं होतं.

आता जुन्या फोटोला हात लावणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने जुन्या फोटोतला चेहरा हलवणारी सोय आणली आणि लोकांनी आपापले आजोबा त्यात घातले. आजोबा डोळे मिचकावतात, मान वळवतात, ओठांच्या कोपऱ्यात हसतात. अनेकांना रडू आलं, आणि त्या रडण्याला मी हसणार नाही. यंत्र मात्र ही हालचाल आजोबांच्या फोटोतून काढत नाही, ती तिथे नसतेच. आधी चित्रित करून ठेवलेल्या दुसऱ्या कोणा माणसाच्या व्हिडिओतली मान आणि पापण्या आजोबांच्या चेहऱ्यावर बसवल्या जातात. म्हणून शेजारच्यांचे आजोबाही तशीच मान वळवतात.